पहिलं स्विस यांत्रिक घड्याळ: भिंगाखाली काय पाहायचं, दुकानात काय विचारायचं, घरी कसं जपायचं

स्विस घड्याळ घ्यायला गेलं की आधी डायल समोर येते, मग कंपनीचा इतिहास ऐकवला जातो आणि शेवटी किंमत सांगितली जाते. नवख्या माणसाने हा क्रम उलटा करावा. घड्याळ पालथं करा. मागच्या बाजूला काच असेल तर आतलं यंत्र दिसेल. घड्याळजी त्याला मशीन म्हणतात, इथेही तोच शब्द वापरू. त्या मशीनमध्ये पुढेमागे झुलणारं एक चाक शोधा. ते बॅलन्स व्हील. वेळ मोजली जाते ती तिथे. बाकीचे भाग एक तर त्याला ताकद पुरवतात, नाही तर त्याने मोजलेली वेळ काट्यांपर्यंत नेतात. जिनिव्हात घड्याळजींचा संघ १६०१ मध्ये उभा राहिला. तेव्हापासूनचे कारागीर याच झुलत्या भागाला शिस्त लावण्याच्या मागे आहेत, आणि आजचं सिलिकॉनही त्याच्याच भोवती आलं आहे. म्हणून वारसा आणि नवं तंत्र ही दोन वेगळी प्रकरणं समजू नका. दोन्ही एकाच चाकापाशी भेटतात.

पायरी १: हाताशी काय हवं

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, मऊ कापड, छोटं होकायंत्र आणि एक वही. एवढ्यावर सुरुवात होते. केस उघडायची हत्यारं आत्ता घेऊ नका. स्क्रूड्रायव्हरचं टोक एकदा घसरलं की पुलावर, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या धातूच्या पट्टीवर, पडलेला ओरखडा कायमचा, आणि उघड्या मशीनमध्ये पडलेला एक धूलिकण दात्यात अडकून घड्याळ बंद पाडू शकतो.

वहीला कमी लेखू नका. तिच्यात पहिल्या आठवड्यात लिहिलेले आकडे पाच-सात वर्षांनी सर्व्हिसिंगच्या वेळी कामाला येतात.

पायरी २: ताकद कुठून कुठे जाते ते ओळखा

बाजूची चावी फिरवली की बॅरल नावाच्या चपट्या डब्यातली मुख्य स्प्रिंग गुंडाळली जाते. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम अर्धवर्तुळाकार रोटर मनगटाच्या हालचालीवर करतो. बॅरलकडून ताकद सेंटर, थर्ड आणि फोर्थ व्हीलमधून चढत्या वेगाने पुढे जाते. नेहमीच्या रचनेत सेंटर व्हील तासाला एक फेरी मारतं आणि फोर्थ व्हील मिनिटाला एक. शेवटी येतं एस्केप व्हील आणि त्याला अडवणारा पॅलेट फोर्क. फोर्कवरचे दोन माणिक-खडे आळीपाळीने दाता अडवतात आणि सोडतात. दाता सुटताना बॅलन्सला एक हलका धक्का मिळतो. आपण ऐकतो ती टिकटिक या अडवण्या-सोडण्याची.

आपल्याकडे जुन्या घड्याळांचं कौतुक करताना ‘सतरा ज्युवेल’ म्हणतात. तो आकडा मोजून पाहण्यासारखा आहे. बॅलन्सच्या दोन टोकांना भोकाचे दोन आणि टोपीचे दोन असे चार, धक्का घेणारा एक, फोर्कचे दोन खडे, आणि फोर्क, एस्केप, फोर्थ, थर्ड, सेंटर या पाच आसांना प्रत्येकी दोन. झाले सतरा. हाताने चावी द्यायच्या साध्या मशीनला एवढे पुरतात. ऑटोमॅटिक यंत्रणेमुळे पंचवीसच्या आसपास लागतात. ईटीए या स्विस कंपनीच्या २८२४-२ मशीनमध्ये ते बरोबर २५ आहेत. त्यामुळे ‘ज्युवेल जास्त म्हणून घड्याळ भारी’ असं कुणी म्हणालं तर ते जास्तीचे खडे कोणत्या चाकाखाली बसवले आहेत ते विचारा. हे खडे खाणीतले नसून कृत्रिम माणिक असतात. काम एकच: पोलादी आस कमी घर्षणात फिरावा आणि तेल जागेवर राहावं. खड्याला भोक पाडून आस बसवायची कल्पना मात्र जुनी. निकोला फॅशिओ या स्विस गणितज्ञाने लंडनमध्ये १७०४ साली तिचं पेटंट घेतलं होतं.

पायरी ३: हेअरस्प्रिंगवर वेळ द्या

बॅलन्स व्हीलच्या मधोमध केसासारखी बारीक सर्पिलाकार पट्टी दिसेल. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगन्स याने १६७५ साली ती बॅलन्सला जोडली आणि खिशातलं घड्याळ पहिल्यांदा भरवशाचं झालं. पण साध्या पोलादाच्या पट्टीला उष्णता सोसत नाही. तापली की तिचा ताण कमी होतो आणि बॅलन्स सावकाश झुलतं. पितळी बॅलन्स आणि पोलादी हेअरस्प्रिंग अशी जोडी असेल तर प्रत्येक अंश सेल्सियसला घड्याळ दिवसाला सुमारे १० सेकंद मागे पडतं. सकाळी गार आणि दुपारी उकडलेल्या खोलीत अशा घड्याळाचं काय होत असेल, याचा हिशेब सोपा आहे.

उत्तर शोधलं ते ज्युरा या स्विस डोंगराळ भागातल्या फ्लरिए गावी जन्मलेल्या शार्ल एदुआर्द गियोम यांनी. निकेल आणि पोलादाचे त्यांनी शोधलेले मिश्रधातू, इन्व्हार आणि एलिन्व्हार, तापमानाला जवळजवळ दाद देत नाहीत. १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना निकेल-पोलादावरच्या या कामासाठीच मिळालं. पुढे १९३० च्या दशकात निव्हारॉक्स हा मिश्रधातू आला. आजच्या बहुसंख्य स्विस घड्याळांतली हेअरस्प्रिंग त्याच घराण्यातली असते.

एकविसाव्या शतकात सिलिकॉन आलं. युलिस नार्डँच्या ‘फ्रीक’ने २००१ मध्ये सिलिकॉनची एस्केप चाकं वापरली आणि पाटेक फिलिपने २००६ मध्ये सिलिकॉनची हेअरस्प्रिंग आणली. हे भाग ओढून किंवा कापून बनवत नाहीत. संगणकाच्या चिपसारखे पातळ चकतीतून कोरून काढतात. वरचा ऑक्साइडचा थर तापमानाचा परिणाम खोडून काढतो. सिलिकॉन चुंबकाला दाद देत नाही, ते हलकं असतं, आणि त्याच्या एस्केपमेंटला (एस्केप व्हील आणि फोर्कच्या जोडीला) तेल कमी लागतं. दुसरी बाजूही पाहा. धातूची हेअरस्प्रिंग वाकली तर कसलेला घड्याळजी चिमट्याने सरळ करतो. सिलिकॉन वाकतच नाही, तुटतं, आणि मग कंपनीकडूनच नवा भाग मागवावा लागतो. घड्याळ रोज वापरणार, दिवसभर लॅपटॉप-मोबाईलजवळ बसणार, तर सिलिकॉन घ्या. ते नातवंडांच्या हाती द्यायचं असेल आणि पन्नास वर्षांनीही कुणा घड्याळजीला हाताने दुरुस्त करता यावं असं वाटत असेल, तर धातूचीच बरी.

भिंगाखाली इथे तीन गोष्टी पाहा.

पहिली: वेटोळी सारख्या अंतरावर आणि एका पातळीत आहेत का? दोन वेटोळी एकमेकांना चिकटत असतील तर ते चुंबकाचं किंवा चुकीच्या जागी गेलेल्या तेलाचं लक्षण. चिकटली की पट्टीची कामाची लांबी घटते आणि घड्याळ मिनिटांच्या हिशेबाने पुढे पळतं.

दुसरी: वेळ कमी-जास्त करायची सोय कशी आहे? अधिक-उणे खुणा असलेली छोटी दांडी असेल तर हेअरस्प्रिंगची लांबी बदलून वेळ जुळवतात. दांडी नसून चाकाच्या कडेला बारीक वजनं किंवा स्क्रू असतील तर ती वजनं फिरवून जुळवतात. ही दुसरी पद्धत महाग, पण हादऱ्यांनी बिघडत नाही.

तिसरी: बॅलन्सच्या खड्यावर वीणेच्या आकाराची सोनेरी स्प्रिंग दिसली तर ते १९३४ पासून वापरात असलेलं इन्काब्लॉक. घड्याळ पडलं की खडा किंचित सरकून धक्का पोटात घेतो आणि केसाइतका बारीक आस वाचतो. इतर कंपन्यांच्या स्प्रिंगचा आकार वेगळा, तत्त्व तेच.

बॅलन्स किती वेगाने झुलतं तेही विचारा. ताशी १८,००० ठोके ही जुनी चाल, २८,८०० ही आजची सर्वसाधारण. म्हणजे सेकंदाला आठ ठोके आणि दिवसाला ६,९१,२००. झेनिथच्या ‘एल प्रिमेरो’ची चाल ३६,०००. हे मशीन १९६९ चं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला सेकोने टोकियोत बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणलं आणि स्विस उद्योग हादरला. १९७० मध्ये तिथे या धंद्यात सुमारे ९० हजार माणसं होती. १९८० च्या दशकात ती ३० हजारांच्या आसपास उरली. झेनिथच्या तेव्हाच्या अमेरिकी मालकांनी यांत्रिक घड्याळं बंद करायचा हुकूम दिला, तेव्हा शार्ल व्हर्मो या कारागिराने एल प्रिमेरोचे साचे, हत्यारं आणि टिपणं ल लोकल्‌मधल्या कारखान्याच्या माळ्यावर भिंतीआड लपवली. १९८० च्या दशकात तेच साचे खाली उतरवून उत्पादन पुन्हा सुरू झालं, आणि १९८८ पासून रोलेक्सच्या डेटोनाने याच मशीनचा आधार घेतला. साचे हरवले की ज्ञान परत मिळवायला किती वर्षं जातात, हे त्या माणसाला कळलं होतं.

टूर्बियोंबद्दल थोडक्यात. हा बॅलन्स आणि एस्केपमेंटला घेऊन सतत फिरणारा पिंजरा. घड्याळ एकाच उभ्या स्थितीत राहिलं की गुरुत्वाकर्षणाने चालीत पडणारा फरक तो समतोल करतो. ब्रेगे या घड्याळजीने २६ जून १८०१ रोजी त्याचं पेटंट घेतलं ते खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळासाठी. मनगट दिवसभर दिशा बदलतच असतं, त्यामुळे तिथे त्याची गरज उरत नाही. कारागिरी म्हणून टूर्बियों जरूर घ्या, अचूकतेसाठी पैसे मोजू नका.

पायरी ४: हाताचं काम कुठे संपतं ते शोधा

पुलांवरच्या समांतर लाटांना ‘कोत द जनेव्ह’ म्हणतात आणि तळपट्टीवरच्या गोल ठिपक्यांना ‘पर्लाज’. दोन्ही आता यंत्रावर सुबक होतात, त्यामुळे त्यांच्यावरून दर्जा ठरवू नका. नजर पुलांच्या कडांकडे न्या. चांगल्या मशीनमध्ये कड साधारण ४५ अंशात उतरती करून आरशासारखी घासलेली असते. याला आंग्लाज म्हणतात. आता आतल्या बाजूला वळणारा कोपरा शोधा, जिथे दोन उतार एका टोकदार रेषेत भेटतात. यंत्राचं फिरतं हत्यार गोल असल्याने ते असा कोपरा गोलसरच सोडतं. टोकदार आतला कोपरा फक्त कानशीने आणि लाकडाच्या काडीने हाताने होतो. ज्युरात त्यासाठी जेन्शियन या डोंगरी वनस्पतीच्या वाळलेल्या देठाला पॉलिशची लुकणी लावून घासतात.

पोलादी भागांवर ‘काळं पॉलिश’ पाहा. घड्याळ तिरकं करत गेलात की असा भाग एका कोनात लख्ख, दुसऱ्या कोनात पूर्ण काळा दिसतो, मधली छटा नाही. निळे स्क्रू सुमारे ३०० अंशांपर्यंत तापवून निळे केले असतील तर रंगात खोली असते. रंग लावलेले स्क्रू सपाट दिसतात आणि त्यांच्या खाचेत रंग साचतो.

हे सगळं पोसलं ते तिथल्या हिवाळ्यांनी. ज्युराच्या डोंगरात बर्फाने महिनोन्‌महिने शेती बंद, म्हणून शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे भाग घासत. ला शो-द-फों हे गाव १७९४ च्या आगीनंतर सरळ समांतर रस्त्यांवर बांधलं गेलं, प्रत्येक कारागिराला उजेड मिळेल असं. ल लोकल्‌सह ते २००९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. यांत्रिक घड्याळाची कला २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेली.

पायरी ५: शिक्क्यांचा अर्थ लावा

डायलच्या तळाशी ‘स्विस मेड’ असेल तर २०१७ पासूनच्या नियमानुसार मशीन स्विस हवं, घड्याळाच्या उत्पादन-खर्चातला किमान ६० टक्के वाटा स्वित्झर्लंडमधला हवा, आणि मशीन केसमध्ये बसवणं व शेवटची तपासणी तिथेच व्हायला हवी. म्हणजे उरलेला भाग बाहेरचा असू शकतो. यात फसवणूक नाही, पण माहीत असावं.

‘क्रोनोमीटर’ हा शब्द सीओएससी या संस्थेच्या चाचणीनंतर येतो: १५ दिवस, पाच स्थिती, ८, २३ आणि ३८ अंश तापमान, आणि दिवसाचा सरासरी फरक उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत. इथे तपासतात ते सुटं मशीन. ‘मास्टर क्रोनोमीटर’मध्ये स्विस मापनशास्त्र संस्था पूर्ण घड्याळ तपासते, १५,००० गॉसच्या चुंबकक्षेत्रासह, आणि शून्य ते अधिक ५ सेकंदांचीच मुभा देते. ‘पॉन्सों द जनेव्ह’ हा १८८६ पासूनचा जिनिव्हाचा शिक्का मुख्यतः कारागिरीचा आहे. अचूकता हवी असेल तर पहिल्या दोघांकडे पाहा, हातकामाचा पुरावा हवा असेल तर तिसऱ्याकडे.

पायरी ६: चाल मोजा

घड्याळाला पूर्ण चावी द्या, मोबाईलच्या वेळेशी सेकंदाला सेकंद लावा, आणि सात दिवस रोज एकाच वेळी फरक वहीत लिहा. रात्री घड्याळ कसं ठेवलं होतं, डायल वर की चावी वर, तेही लिहा. आडव्या स्थितीत बॅलन्स आसाच्या टोकावर फिरतं आणि उभ्या स्थितीत आसाच्या कडेवर. घर्षण बदलतं, म्हणून चालही बदलते. रोज ४ सेकंद पुढे जाणारं घड्याळ उत्तम. एक दिवस ८ पुढे, दुसऱ्या दिवशी ६ मागे असेल तर सरासरी छान दिसूनही ते घड्याळ वाईट. स्थिर फरक पाच मिनिटांत जुळवता येतो, अस्थिर फरकाचं कारण शोधावं लागतं.

घड्याळजीकडे टाइमग्राफर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल मोजणारं यंत्र, असेल तर तीन आकडे मागा: दिवसाचा फरक, अँप्लिट्यूड (बॅलन्स किती अंश झुलतं) आणि बीट एरर (‘टिक’ आणि ‘टॉक’च्या अंतरातला फरक). पूर्ण चावी असताना, डायल वर ठेवून, अँप्लिट्यूड २७० ते ३१० अंश असावा. बीट एरर अर्ध्या मिलिसेकंदाच्या आत असेल तर छान, एकपर्यंत चालेल. यंत्रात लिफ्ट अँगल, म्हणजे धक्का मिळताना बॅलन्स किती अंश फिरतं तो आकडा, आधी बरोबर भरला आहे ना, ते पाहा. बहुतेक मशीनना ५० ते ५२ अंश, ओमेगाच्या को-ॲक्सियल मशीनना ३८ च्या आसपास. तो चुकला की अँप्लिट्यूडचा आकडाही चुकतो आणि निरोगी घड्याळ आजारी दिसतं.

पायरी ७: नवं घ्यावं की जुनं

पहिलं घड्याळ तीन काट्यांचं घ्या, फार तर तारीख असलेलं. ईटीए किंवा सेलिटा या मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचं मशीन असेल तर गावातला चांगला घड्याळजीही ते उघडू शकतो. स्वतःचं मशीन बनवणाऱ्या कंपनीचं घ्यायचं असेल तर पैसे देण्याआधी एकच प्रश्न विचारा: दुरुस्ती भारतात होते का, की घड्याळ परदेशी जातं? काही कंपन्या सुटे भाग बाहेरच्या घड्याळजींना विकत नाहीत. भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांच्या एफ्टा या युरोपीय मुक्त व्यापार गटातला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू आहे. त्यानुसार स्विस घड्याळांवरचं आयात शुल्क टप्प्याटप्प्याने उतरतं, तेव्हा खरेदीच्या दिवसाचा दर विचारून घ्या.

जुन्या स्विस घड्याळांचं मुंबईशी नातं खरं आणि दीर्घ आहे. फाव्र-लुबा या स्विस कंपनीचा मुंबईतला व्यापार १८६५ पासूनचा. वेस्ट एंड वॉच कंपनीचं नावही इथल्या घराघरांत होतं. त्यामुळेच जुना माल इथे भरपूर आहे, आणि रंग मारून नवा केलेलाही. परदेशातले संग्राहक अशा घड्याळाला ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. ओळखायच्या खुणा: डायलवरची अक्षरं जाड किंवा पसरलेली, तळाचं ‘स्विस मेड’ गायब, मिनिटांच्या रेघा काट्याच्या टोकाशी न जुळणाऱ्या, भडक नारिंगी-निळे रंग, आणि आत एका मशीनचे पूल दुसऱ्यावर बसवलेले. मागचं झाकण उघडून दाखवत नसतील तर घेऊ नका. १९६० च्या दशकाआधीच्या, अंधारात चमकणाऱ्या डायलवर रेडियम हा किरणोत्सर्गी पदार्थ असण्याची शक्यता असते. ती डायल खरवडायची नाही, काच उघडून फुंकायची नाही.

पायरी ८: रोजचा वापर

हाताने चावी द्यायचं घड्याळ रोज एकाच वेळी, मनगटावरून काढून, चावी अडेपर्यंत भरा आणि अडली की थांबा. ‘जास्त चावी दिली म्हणून बिघडलं’ हा समज बहुधा चुकीचा असतो. अडल्यावरही जोर लावला तरच मोडतं. बंद पडलेल्या ऑटोमॅटिकला २० ते ३० फेऱ्या द्या आणि मनगटावर चढवा. त्यात अडण्याची जागा नसते, कारण स्प्रिंगचं टोक बॅरलच्या भिंतीवर घसरत राहतं.

तारीख रात्री ९ ते पहाटे ३ या वेळात चावीने बदलू नका. तेव्हा तारखेचं चाक आतून आधीच गुंतलेलं असतं, जबरदस्तीने दाता तुटतो. काटे साडेसहावर आणा, मग तारीख बदला, मग वेळ लावा. दुपारचे बारा की रात्रीचे, हे काटे पुढे फिरवून तारीख कधी उडते त्यावरून कळेल.

स्क्रूची चावी बंद करताना आधी उलट दिशेने हलकेच फिरवा. आटे जुळल्याची बारीक जाणीव झाली की मग दाबून आवळा. थेट आवळली तर आटे वाकडे बसून झिजतात आणि पाण्याला वाट मिळते.

डायलवरच्या ‘३० मीटर’चा अर्थ हात धुणं आणि पावसाचे शिंतोडे, एवढाच. पोहायला १०० मीटर हवेत, तेही गॅस्केट (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्या) दर दोन वर्षांनी दाबाखाली तपासलेली असतील तर. गरम पाण्याच्या अंघोळीत घड्याळ काढाच. कोकण, मुंबई, गोव्याच्या हवेत काचेआड धुकं दिसलं तर ‘उन्हात ठेवून बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी उघडून वाळवून घ्या. पोलादी भागांवर गंज धरायला वेळ लागत नाही. पावसाळ्यात चामडी पट्टा उतरवून रबरी किंवा पोलादी लावा.

घड्याळ अचानक मिनिटांनी पुढे जायला लागलं तर होकायंत्र जवळ न्या. घड्याळ हळूहळू वळवा, सुई त्याच्यामागे फिरली तर चुंबक बसला. डीमॅग्नेटायझर या चुंबक उतरवणाऱ्या यंत्राचं बटण दाबून घड्याळ त्याच्यावर धरा, बटण दाबलेलंच ठेवून सावकाश हातभर दूर न्या आणि मग सोडा. जवळच सोडलं तर चुंबक उतरण्याऐवजी नव्याने बसतो.

पायरी ९: सर्व्हिसिंग

पाच ते सात वर्षांनी, किंवा त्याआधी चावी कमी तास टिकू लागली की. घड्याळ चालतंय म्हणून थांबू नका. तेल सुकलं की आस कोरडे फिरतात आणि झिजतात, मग सफाईचं काम सुटे भाग बदलण्यावर जातं. पूर्ण सर्व्हिसिंग म्हणजे प्रत्येक भाग सुटा करून धुणं, तपासणं, आणि वेगवेगळी तेलं घालणं: बॅलन्सला मोबियस कंपनीच्या ९०१० सारखं पातळ, फोर्कच्या खड्यांना ९४१५ सारखं घट्ट, बॅरलकडच्या संथ चाकांना जाड. खड्याच्या वाटीत तेल अर्ध्याहून थोडं अधिक, काठोकाठ कधीच नाही. काठोकाठ भरलं तर ते पसरतं आणि खडा कोरडा पडतो. झाकण उघडून पेट्रोलमध्ये बुडवणं आणि वरून तेलाचा थेंब सोडणं ही सर्व्हिसिंग नव्हे.

देताना कागदावर तीन ओळी लिहून घ्या: केसला पॉलिश करू नये, डायलला हात लावू नये, बदललेले भाग परत द्यावेत. पॉलिशमध्ये केसच्या धारदार कडा कायमच्या जातात. परत घेताना निदान पाच स्थितींतले टाइमग्राफरचे आकडे मागून घ्या आणि पहिल्या आठवड्याच्या वहीतल्या नोंदींशेजारी लिहा. फरक पूर्वीपेक्षा जास्त असेल तर तिथल्या तिथे घड्याळ परत द्या.